टपाला भोकं नसलेल्या गाडीवर कॅरिअर कसं बसवायचं

मुंबईत सीएनजीची गाडी घेतली की डिकी बहुतेक वेळा टाकीच्या नावावर जाते. रोज कांदिवलीहून अंधेरीला जाताना त्याचं काही वाटत नाही. गणपतीला चार माणसं, त्यांच्या बॅगा, मखराचं सामान आणि गावच्या लोकांनी मागवलेल्या वस्तू घेऊन निघायचं ठरलं, की सगळ्यांच्या नजरा टपाकडे वळतात.

पूर्वी हे काम सोपं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेलेली पद्मिनी टॅक्सी आठवा. तिच्या टपाच्या दोन्ही कडांना पत्र्याची उघडी पन्हळ होती. मेकॅनिक तिला गटर म्हणतात. कॅरिअरचे पाय त्या गटरमध्ये टेकायचे, बाहेरून क्लॅम्प आवळायचा, की काम झालं. ओम्नी, जिप्सी यांनाही गटर होतं. स्विफ्ट, बलेनो, आय-२० यांचा टप मात्र कडेपर्यंत गुळगुळीत. गटर नाही, टपावर पुढून मागे जाणारी भक्कम रेल (दांडी) नाही, बोल्ट घालायला कंपनीने ठेवलेली भोकंही नाहीत. अशा टपावरही एकही भोक न पाडता कॅरिअर बसतं. फक्त ते कशाच्या आधारावर उभं राहतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

टपाच्या मधला पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. अंगठ्याने दाबला तरी तो हलतो. दरवाज्याच्या वरून जाणारी टपाची कड वेगळी असते: तिथे पत्र्याचे दोन-तीन थर वेल्डिंगने जोडून पोकळ पेटीसारखा भाग केलेला असतो आणि काचांमधले खांब त्यालाच येऊन मिळतात. सामानाचं सगळं वजन या कडेवर उतरलं पाहिजे, मधल्या पत्र्यावर अजिबात नाही. कुठलं कॅरिअर घ्यायचं, पाय कुठे टेकवायचे, किती आवळायचं, या सगळ्याचा निकाल याच एका गोष्टीवरून लावायचा.

आधी टप ओळखा

चारही दरवाजे उघडा आणि टपाच्या कडेवरून बोट फिरवा. काही गाड्यांच्या टपावर पुढून मागे जाणारी काळी रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यात छोटी सरकणारी झाकणं आहेत का ते पाहा. झाकणाखाली आटे पाडलेलं भोक निघालं, तर तुमच्या गाडीला कंपनीच्या जागा आहेत आणि पुढचा बराचसा खटाटोप तुम्हाला लागणार नाही. झाकण नसेल तर ती पट्टी नुसती सांधा झाकायला लावलेली आहे. तिला काही बांधू नका, ती हाताने उपटून येते.

रेल असली तरी लगेच खूश होऊ नका. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या टपावरच्या रेल निव्वळ शोभेच्या असतात, दुतर्फा टेपने किंवा क्लिपांनी चिकटवलेल्या. हलवून पाहण्यापेक्षा गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडा. रेलवर किती वजन चालतं ते त्यात लिहिलेलं असेल तर रेल खरी. उल्लेखच नसेल किंवा सामान लादू नका असं लिहिलं असेल, तर ती नाही असं धरूनच चाला.

सनरूफ असेल तर दोन गोष्टी पाहायच्या. काच वर उचलून मागे सरकत असेल तर ती कॅरिअरच्या दांडीला आपटू शकते, म्हणून कॅरिअर असेपर्यंत सनरूफ बंद. आणि टपाचा बहुतेक भाग काचेचाच असेल, तर त्या मॉडेलसाठी खास बनवलेला किट मिळतो का ते पाहा. नसेल तर हा विचार सोडा.

वजनाचा हिशोब

माहितीपुस्तकात टपावर चालणारं वजन दिलेलं असतं. छोट्या गाड्यांमध्ये ते साधारण ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतं. लोक इथे एक गोष्ट विसरतात: त्या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. समजा मर्यादा ५० किलोंची आहे. दोन ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि चार पाय मिळून ५-६ किलो, वरची जाळीची टोपली १२ किलो. उरले ३२. म्हणजे दोन भरलेल्या बॅगा आणि एखादी वळकटी. बाजारात वेल्डिंग करून बनवलेलं लोखंडी कॅरिअर मिळतं, ते एकटंच २० किलोंपर्यंत जातं. ते घेतलं की टपावर ठेवायला फारसं काही उरतच नाही.

सीएनजीवाल्यांना आणखी एक हिशोब करावा लागतो. गाडीने एकूण किती वजन वाहायचं याचीही मर्यादा असते, आणि पोलादी टाकी व तिचा सांगाडा एका माणसाच्या वजनाइतकी जागा आधीच खाऊन बसलेले असतात. पाच माणसं आत आणि टपावर पूर्ण ५० किलो, हे गणित बऱ्याच हॅचबॅकना झेपत नाही. माणूस कमी करता येत नसेल तर बॅग कमी करा. तांदळाचं पोतं टपावर न टाकता मागच्या सीटच्या पायाशी ठेवा.

काय विकत घ्यायचं

गुळगुळीत टपासाठी खरा उपाय म्हणजे दरवाज्याच्या चौकटीला धरणारं क्लॅम्पचं कॅरिअर. यात आडव्या दोन दांड्या आणि चार पाय असतात. प्रत्येक पायाखाली रबरी पॅड असतं, ते टपाच्या कडेवर बसतं. पायाला लावलेली पोलादी पट्टी दरवाज्याच्या फटीतून आत वळते आणि चौकटीच्या वरच्या कडेला अडकते. ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या वाकड्या किल्लीने, बोल्ट आवळला की पट्टी खाली ओढते, पॅड वरून दाबतं, आणि टपाची कड दोघांच्या मध्ये पकडली जाते. थुले, याकिमा, ऱ्हायनो-रॅक या कंपन्या असेच पाय बनवतात. पाय सगळ्यांना सारखे असतात, पण पॅड आणि पट्टी यांचा किट प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा असतो, कारण प्रत्येक टपाचा उतार आणि चौकटीचा वळसा वेगळा. दुकानदार म्हणाला, “साहेब, हे सगळ्यांना बसतं,” तर हसून पुढे चला. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल किटच्या पुस्तिकेत छापलेलं दिसलं तरच पैसे द्या.

ऑपेरा हाउसजवळची ॲक्सेसरीजची दुकानं किंवा कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड इथे कॅरिअर पाहायला मिळतील. जादा बोल्ट, वायसर, रबर लागलं तर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट आहेच.

वर्षातून एकदाच सामान न्यायचं असेल तर पट्ट्याने बांधायचा मऊ कॅरिअर स्वस्तात पडतो. फोमचे किंवा हवा भरायचे दोन लांबट ठोकळे टपावर ठेवायचे आणि पट्टे दरवाज्यांतून आत घेऊन आवळायचे. कोरड्या दिवसांत, हलक्या सामानाला हे ठीक. पण त्याचं वजन थोडंफार मधल्या पत्र्यावर येतंच, आणि मुंबईच्या पावसात पाणी पट्ट्यावरून झिरपत थेट छताच्या कापडात जातं. जुलैत हा प्रकार करू नये. चुंबकाचे किंवा व्हॅक्यूमने चिकटणारे प्रकारही मिळतात. धूळ, ऊन आणि खड्डे यांच्या शहरात सामान त्यांच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नाही.

बसवायची पद्धत

हे काम सकाळी उरका. दुपारी टपाला हात लावता येत नाही आणि गरम रबर नीट बसत नाही. एक माणूस मदतीला हवा, कारण दांडी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ठेवावी लागते. मोजपट्टी, कागदी चिकटपट्टी, किटमधली ॲलन की, आणि मिळाला तर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) एवढं जवळ ठेवा.

सुरुवात स्वच्छतेने. टपाची कड, दरवाज्याची चौकट आणि बीडिंगची (चौकटीभोवतीच्या रबरी पट्टीची) खाच शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी करा. पॅडखाली अडकलेला वाळूचा एक कण प्रवासभर रंग घासत राहतो. पॅड टेकणार त्या जागी रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मचे तुकडे चिकटवले तर उत्तम. पॅडपेक्षा बोटभर मोठे कापा आणि कोपरे गोल ठेवा, नाहीतर ते उचलतात.

मग मापं. किटच्या पुस्तिकेत पुढची दांडी विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपासून किती अंतरावर आणि मागची दांडी पुढच्या दांडीपासून किती अंतरावर, हे मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. दोन दांड्यांमधलं अंतर बहुतेकदा ७०० मिलिमीटरच्या आसपास असतं. ते मनाने बदलू नका. त्या आकड्यामागे खांबांच्या जागा आणि टपाचा बाक यांचा विचार झालेला असतो. दोन्ही बाजूंनी मोजून चिकटपट्टीच्या खुणा करा. टप पुढे आणि मागे सारख्या रुंदीचा नसतो, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या पायांमधलं अंतरही वेगळं येईल. पाय दांडीवर सरकवून ते अंतर गाडीबाहेरच बसवून घ्या. पुढचं-मागचं, डावं-उजवं अशा पॅडवर खुणा असतात. घाईत अदलाबदल झाली की पॅडची एक कड हवेत राहते.

आता दोघांनी दोन टोकं धरून दांडी उचला आणि खुणांवर अलगद ठेवा. टपावरून सरकवू नका. चारही बाजूंनी वाकून पाहा: पॅडचा तळ पूर्ण टेकलेला हवा. नंतर दरवाजा उघडा आणि पोलादी पट्टी चौकटीच्या कडेला अडकवा. ती पत्र्याच्या ओठावर बसली पाहिजे, रबरी बीडिंगवर नाही. बीडिंगवर बसलेली पट्टी आज घट्ट लागते, पण खड्ड्यांतून थोडं गेलं की रबर दबतं आणि पकड सुटते. गरज पडली तर बीडिंग बोटाने थोडं बाजूला दाबा, पट्टी बसवा आणि बीडिंग परत जागेवर आणा.

इथे मुंबईच्या गाड्यांची एक खास अडचण येते: पावसासाठी लावलेले डोअर व्हायझर. काही व्हायझरची वरची कड नेमकी पट्टीच्या वाटेत येते. दरवाजा बंद करताना टक् असा आवाज आला किंवा व्हायझर वाकताना दिसला, तर जोर लावू नका. व्हायझर काढावा लागेल, किंवा तेवढा भाग कापावा लागेल.

बोल्ट आवळताना एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे जायचं नाही. डावीकडे तीन-चार फेरे, मग उजवीकडे तितकेच, असं आलटून पालटून. मध्येच दांडीची दोन्ही टोकं पायाबाहेर सारखी आहेत का ते मोजा. शेवटचा जोर किती, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक किटमध्ये ४ ते ६ न्यूटन-मीटर. हा जोर फार थोडा आहे. आखूड ॲलन कीने, मनगटाच्या ताकदीने सहज येतो. पाइप लावून, अंगाचा भार टाकून आवळणाऱ्या उत्साही मदतनीसाला चहा आणायला पाठवा. जास्त आवळलं की चौकटीचा ओठ वाकतो, दरवाज्यातून वारा शिट्टी मारतो आणि पावसात पाणी आत येतं.

दरवाजा हळू बंद करा. नंतर कागदाचा एक तुकडा बीडिंग आणि दरवाज्यामध्ये ठेवून दरवाजा लावा आणि कागद ओढा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना तो अडकत अडकत यायला हवा. सुळकन निघून आला तर तिथून पाणी येणार. शेवटी दांडी दोन्ही हातांनी धरून गाडी जोरात हलवा. गाडी स्प्रिंगवर डुलली पाहिजे आणि दांडी टपावर तसूभरही सरकता कामा नये. सोसायटीला एक फेरी मारून या, बोल्ट पुन्हा तपासा. रबर दबल्यामुळे अर्धा-पाव फेरा नक्की मिळतो. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी हेच करायचं.

गटरवाली गाडी असेल तर पद्धत याच अंगाने जाते, फक्त सोपी. गटरमधली माती आणि गंज आधी खरवडून काढा. जुन्या गाडीत गटर आतून सडलेलं असतं आणि रंगाखाली ते दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. पत्रा दबला तर कॅरिअरआधी वेल्डिंगवाला गाठावा लागेल.

“चार बोल्ट मारून देतो”

गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास मिळेल. टपाला भोकं पाडायची, रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारे, आतून आटे असलेले नट) ठोकायचे, वर कॅरिअर. स्वस्त आणि पटकन. खासगी गाडीवर हे करू नका, असंच मी सांगेन. ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग (अपघातात बाजूच्या काचांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) आहेत, त्यांत त्या छताच्या कापडाखाली, नेमक्या टपाच्या कडेने घडी करून ठेवलेल्या असतात. ड्रिलचं टोक तिथे गेलं तर काय होईल ते सांगायला नको. कडा सोडून मधल्या पत्र्यात भोक पाडलं तर पत्रा वजन पेलत नाही. थरथरीने भोक रुंदावत जातं. शिवाय खारी हवा कापलेल्या कडेवर बसते आणि गंज रंगाखालून पसरतो. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

जुन्या, एअरबॅग नसलेल्या मालवाहू गाडीवर करायचंच असेल, तर आधी छताचं कापड उतरवा आणि टपाखालच्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहा. नट त्यांच्यातच यायला हवेत, किंवा आतून जाड पत्र्याची तबकडी द्यावी लागेल. एम-८ रिव्हेट नटला साधारण ११ मिलिमीटरचं भोक लागतं. भोकाची कड घासून झिंक प्रायमर, तो वाळल्यावर नट, मग फट बुजवायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका; तो सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि उघड्या पत्र्याला गंज लावतो. छताचं कापड परत लावण्याआधी टपावर नळी सोडून पाणी कुठे येतं का ते पाहा.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. चार बोल्ट सैल केले की निघून येणारं कॅरिअर आणि टपाला कायमचा जोडलेला सांगाडा यांत इथे फरक पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीत परवानगीबाहेर गेलं, तर २०,००० रुपये दंड आणि वर ते उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद कलम १९४ मध्ये आहे. नंबर प्लेट आणि मागचे दिवे ताडपत्रीच्या टोकाने झाकले जाणार नाहीत, हेही पाहा.

सामान बांधणं आणि गाडी चालवणं

जड वस्तू तळाला आणि दोन दांड्यांच्या मध्ये, हलक्या वर. डिकीचा दरवाजा उघडताना सामानाला लागत नाही ना, हे बांधण्याआधी पाहा. रबरी हुकांच्या दोऱ्या ताडपत्री दाबून धरायला ठीक आहेत, सामान धरायला नाहीत. जोरात ब्रेक लागला की ४० किलोंचं सामान साधारण ३० किलोंच्या जोराने पुढे ओढ घेतं. रबर तेव्हा फक्त ताणतं. रॅचेटचे (दांडा मागे-पुढे करून आवळायचे) पॉलिएस्टर पट्टे वापरा. नायलॉनची दोरी भिजली की पाणी पिते आणि सैल पडते. पनवेलला घट्ट असलेली गाठ माणगावला ढिली लागते. पट्टा टोपलीला न बांधता खालच्या दांडीखालून घ्या, आणि त्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात तो घूं घूं करत नाही. ताडपत्रीची पुढची कड सामानाखाली दुमडून घ्या. वारा एकदा आत शिरला की ती फुगते आणि टरकते.

वेग ६० वरून ९० वर गेला की वाऱ्याचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. म्हणून भरल्या टपाने ८० च्या वर जायचा मोह टाळा. सी लिंक आणि अटल सेतूवर बाजूने वारा लागतो तेव्हा आणखी कमी. कशेडीच्या वळणांवर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकेल, ब्रेकही थोडा आधी लावावा लागेल. चहाला थांबलात की दोन्ही दांड्या हलवून पाहायची सवय लावून घ्या. गणपतीची मूर्ती टपावर नाही, मांडीवर. हे खरं तर कुणाला सांगावं लागू नये.

उंचीचा हिशोब सगळ्यात आधी विसरला जातो. स्विफ्टची उंची सुमारे १.५३ मीटर. दांड्या आणि टोपली मिळून १५ ते २० सेंटिमीटर, वर ४० सेंटिमीटरच्या बॅगा. झाली २.१ मीटर. बऱ्याच मॉलच्या तळघराच्या तोंडाशी २.१ किंवा त्याहून कमीचाच फलक असतो. सोसायटीचं स्टॅक किंवा पझल पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर आणखी सांभाळा: सेडानसाठीचा कप्पा साधारण १.५५ मीटरचा असतो, म्हणजे सामान नसलेल्या नुसत्या दांड्याही अडकतात. कॅरिअर विकत घेण्याआधी आपल्या पार्किंगची उंची मोजपट्टीने मोजा, वॉचमनच्या अंदाजावर जाऊ नका. आणि गाडीची नवी उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

काढून ठेवणं

काम झालं की कॅरिअर उतरवा. वर्षभर टपावर ठेवलेल्या कॅरिअरच्या पॅडखाली मीठ आणि चिखल साठतो, इंधन जास्त जळतं, वाऱ्याचा आवाज येतो तो वेगळाच. उतरवल्यावर पॅडची जागा धुऊन पुसा. फिल्म उचलली असेल तर बदला. ॲल्युमिनियमच्या दांडीतले स्टीलचे बोल्ट खाऱ्या हवेत हळूहळू धरून बसतात, म्हणून ते पूर्ण बाहेर काढा, आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा आणि बोटाने परत फिरवून ठेवा. चारही पायांवर कुठल्या बाजूचे ते मार्करने लिहा. किटची पुस्तिका आणि ॲलन की एका पिशवीत घालून ती पिशवी दांडीलाच बांधा. पुढच्या भाद्रपदात ती ड्रॉवरमध्ये शोधत बसायची वेळ येणार नाही.